अण्णांचा पाऊस आणि काळा पडदा

पाऊस किती पडला हे मिलिमीटरमध्ये मोजतात, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. पण वर्षभरात 'उणे तीन हजार पंचवीस मिलिमीटर' पाऊस पडला, असं कुणी सांगितलं तर? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! ढगांनी जमिनीतलं पाणी वर ओढून घेतलं की काय?

पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरने नेमकं हेच उत्तर दिलं. ते का दिलं आणि खरं उत्तर आम्ही कसं शोधलं, त्याची ही गोष्ट. गोष्ट आहे एका जुन्या प्रोग्रॅमची, एका काळ्या पडद्याची आणि माझ्या नववीतल्या भाचीची.

वाळवीने खाल्लेल्या वह्या

माझे वडील, म्हणजे भाचीचे आजोबा, शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला गेले आणि अंगणात त्यांनी पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठ वाजता ते आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजत आणि वहीत लिहीत. आपलं हवामान खातंसुद्धा सकाळी साडेआठचीच वेळ पाळतं, बरं का! ताप असो, पाहुणे असोत, ही वेळ कधी चुकली नाही.

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होता. त्याने १९९१ साली अण्णांसाठी 'सी' भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोजचा आकडा टाकायचा आणि साल सांगितलं की महिन्यामहिन्याची बेरीज पडद्यावर यायची. प्रोग्रॅमचं नाव 'पाऊस', रोमन लिपीत चार अक्षरं. त्या काळच्या 'डॉस'मध्ये फाइलीच्या नावाला आठच अक्षरं आणि पुढे टिंब देऊन तीन, एवढीच मुभा होती. तेव्हा चार अक्षरी नाव म्हणजे सुखच!

अण्णांनी २००१ पर्यंत, अकरा वर्षं, नोंदी केल्या. नंतर ते गेले. वह्या माळ्यावर राहिल्या. कोकणातली दमट हवा आणि वाळवी यांनी मिळून बहुतेक वह्यांचा भुगा केला. उरली एकच वही आणि दोन फ्लॉपी.

या वर्षी गावातल्या शाळेने विचारलं, "गुरुजींच्या पावसाच्या नोंदी मिळतील का? मुलांना प्रकल्पासाठी हव्यात." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

"ही फाइल या मशिनवर चालणार नाही"

फ्लॉपी वाचायचं छोटं यंत्र आम्ही विकत आणलं. पहिल्या फ्लॉपीवर बुरशी चढली होती. ती खरखर आवाज करून गप्प बसली. दुसरी मात्र वाचता आली! त्यात दोन फाइली होत्या. एक प्रोग्रॅम, दुसरी आकड्यांची.

भाचीने सगळ्यात आधी काय केलं असेल? तिने दोन्ही फाइलींची एक प्रत बाजूला काढली आणि मूळ प्रतीला कुलूप लावलं, म्हणजे ती फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. "मामा, जे करायचं ते नकलेवर. असलीला हात नाही लावायचा," ती मला म्हणाली. हे तुम्हीही पक्कं लक्षात ठेवा. जुन्या वस्तूचा पहिला नियम हाच.

मग मी माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम उघडायला गेलो. उत्तर आलं, हा प्रोग्रॅम या मशिनवर चालणार नाही.

असं का? डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटांच्या काळातले. टिम पॅटरसन यांनी १९८० साली लिहिलेली एक छोटी प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ साली ती आयबीएमच्या पीसीबरोबर बाजारात आली. तीच डॉस. पुढे कॉम्प्युटर ३२ बिटांचे झाले, मग ६४ बिटांचे. बिट म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबातला सगळ्यात लहान तुकडा, शून्य किंवा एक. ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही.

मग आकड्यांची फाइल थेट उघडून पाहिली. छे! नुसती चित्रविचित्र चिन्हं. दादाने आकडे अक्षरांत न लिहिता कॉम्प्युटरच्या गुप्त भाषेत साठवले होते. जागा वाचावी म्हणून. ते वाचायची किल्ली एकाच प्रोग्रॅमकडे होती, आणि तो प्रोग्रॅम चालत नव्हता. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, मूळ मजकूर ज्या मशिनवर लिहिला ते केव्हाच भंगारात गेलं. आकडे कुठल्या क्रमाने ठेवलेत हे मला आता कुठं आठवतंय!"

करवंटी आणि खोबरं

भाचीच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिने काळा पडदा उघडला. त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊसचं काम नाही. एक लुकलुकणारी रेघ, बस्स. आपण आज्ञा टाइप करायची, 'एंटर' दाबायचं, कॉम्प्युटर ती पाळतो.

या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. नारळ डोळ्यांपुढे आणा. आत खोबरं, बाहेर करवंटी. कॉम्प्युटरच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे खोबरं आणि त्याच्याशी बोलायची बाहेरची करवंटी म्हणजे शेल. ही पद्धत युनिक्सची. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मुख्य नावं. लिनक्स याच घराण्यातला. भाचीच्या पडद्यावरच्या शेलचं नाव 'बॅश'. तो १९८९ साली आला.

आता गंमत पाहा. डॉसमध्येही काळा पडदा आणि युनिक्समध्येही काळा पडदा. दिसायला जुळे भाऊ, पण भाषा वेगळी! फाइलींची यादी हवी असेल तर डॉसमध्ये 'डी-आय-आर' लिहायचं, युनिक्समध्ये 'एल-एस'. डॉसला लहान-मोठी अक्षरं सारखीच, पण युनिक्सला त्यात जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. फोल्डरचा पत्ता लिहिताना डॉसची तिरकी रेघ एका बाजूला कलते, \ अशी. युनिक्सची दुसऱ्या बाजूला, / अशी. मग डॉसचा प्रोग्रॅम युनिक्सच्या घरात चालणार कसा?

दुभाष्या आला

त्यासाठी लागतो दुभाष्या. त्याचं नाव 'डॉसबॉक्स'. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००२ साली पहिल्यांदा आला, तोही मुख्यतः जुने खेळ खेळता यावेत म्हणून! तो काय करतो? आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना पीसी उभा करतो. खोटा प्रोसेसर, खोटा पडदा, खोटा कीबोर्ड. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण १९९१ सालीच आहोत. तो बिचारा खुशीत काम करू लागतो.

डॉसबॉक्सला शेलमधूनच सगळ्या सूचना एका दमात देता येतात. भाचीने पाच सूचना लिहिल्या:

१. हे फोल्डर म्हणजे तुझा 'सी' ड्राइव्ह समज.
२. त्या ड्राइव्हवर जा.
३. 'पाऊस' प्रोग्रॅम १९९१ सालासाठी चालव.
४. जे उत्तर येईल ते पडद्यावर न दाखवता एका फाइलीत टाक.
५. काम झालं की बाहेर पड.

तिसरी आणि चौथी सूचना मिळून खरं तर एकच ओळ होते. प्रोग्रॅमचं नाव, साल, मग > हे चिन्ह आणि शेवटी फाइलीचं नाव. हे चिन्ह म्हणजे नळाला लावलेली तोटी समजा. पाणी पडद्यावर सांडायचं ते बादलीत पडतं.

एंटर दाबलं. खिडकी उघडली, आणि आकडे झरझर तिच्यातच दिसले. फाइलीत मात्र पाऊस नाही, भलताच मजकूर! म्हणजे तोटी चुकीच्या नळाला लागली होती.

चूक कुठे झाली? > हे चिन्ह डॉसलाही कळतं आणि बॅशलाही. बॅश दारातच उभा. त्याने ते आधी पाहिलं आणि म्हणाला, "हे मलाच सांगितलेलं दिसतंय!" आणि त्याने डॉसबॉक्सचीच बडबड फाइलीत भरली. पावसाचे आकडे आतल्या खिडकीतच राहिले.

उपाय सोपा. पूर्ण सूचना अवतरणचिन्हांत टाकायची. अवतरणचिन्ह म्हणजे बंद पाकीट. वरच्या माणसाने ते फोडायचं नाही, जसंच्या तसं आत पोचवायचं. * आणि \ या चिन्हांचंही असंच. पाकिटात घातली नाहीत, तर बॅश त्यांचा स्वतःचा अर्थ लावून मोकळा होतो. जुने प्रोग्रॅम शेलमधून चालवताना निम्म्या चुका इथेच होतात.

पाकिटात घालून पुन्हा एंटर. या वेळी फाइल तयार झाली. पण भाचीने ती उघडायला नाव टाइप केलं तर "अशी फाइलच नाही!" डोकं खाजवलं, मग ट्यूब पेटली. डॉसने नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ती लहान अक्षरांत शोधत होती. नाव बरोबर लिहिलं आणि पडद्यावर अण्णांचा पाऊस उतरला. जानेवारी शून्य, फेब्रुवारी शून्य... जून, जुलै, ऑगस्ट! माझ्या आईने चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं. "या जुलैत आपला पूल गेला होता," ती म्हणाली.

पुसून जाणारे आकडे

एक वर्ष झालं, दहा राहिली. प्रत्येक वेळी हे सगळं टाइप करायचं? मुळीच नाही! शेलला सांगता येतं, "१९९१ ते २००१ मधल्या प्रत्येक सालासाठी हेच कर." अकरा वेळा खिडकी उघडली, मिटली. अकरा फाइली तयार. मी चहा संपवायच्या आत!

आता भाचीला प्रत्येक आकड्यापुढे 'मिमी' असं लिहायचं होतं. लिहिलं, तर आकडे वाढायच्या ऐवजी प्रत्येक ओळीची सुरुवातच पुसली जाऊ लागली. भुताटकीच की!

भूत जुनं आहे, टेलिप्रिंटरच्या काळातलं. टेलिप्रिंटर म्हणजे तारेवरून आलेला मजकूर आपोआप टाइप करणारं यंत्र. त्यात ओळ संपली की दोन कामं करावी लागत. छपाईचा गाडा डाव्या कडेला आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन कामांना दोन संकेत, १३ आणि १०. डॉसने दोन्ही संकेत ठेवले. युनिक्सने ठरवलं, एकच पुरे, १०. त्यामुळे डॉसच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकाला एक अदृश्य १३ लपलेला असतो. भाची त्याच्या पुढे 'मिमी' लिहायला गेली. १३ ने हुकूम सोडला, "गाडा डावीकडे!" आणि 'मिमी' ओळीच्या सुरुवातीवर जाऊन बसलं.

'टी-आर' नावाची एक छोटी आज्ञा आहे. तिला सांगितलं, १३ दिसला की उडव. भूत पळालं.

पुऱ्यांची रांग

युनिक्सची खरी कमाल इथे आहे. लग्नघरात पुऱ्या कशा होतात? एक जण कणीक मळतो, दुसरा लाटतो, तिसरा तळतो. प्रत्येकाला एकच काम, पण चोख. युनिक्सच्या आज्ञा अशाच. एकीचं काम संपलं की तिचं उत्तर पुढचीच्या हातात द्यायचं. त्यासाठी मध्ये एक उभी रेघ काढायची, | अशी. तिला 'पाइप' म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांची ही कल्पना, आणि ती युनिक्समध्ये आली १९७३ साली.

भाचीची रांग अशी होती: 'कॅट'ने फाइल वाचायची, 'टीआर'ने १३ उडवायचा, 'ग्रेप'ने नको असलेली ओळ वगळायची आणि 'ऑक'ने उरलेल्या आकड्यांची बेरीज करायची. सगळं एका ओळीत. आणि पाहा, या रांगेत आज्ञा १९७० च्या दशकातल्या, आकडे १९९० च्या दशकातल्या प्रोग्रॅमचे आणि लॅपटॉप आजचा. तरी सगळे एका पंगतीला बसले!

पण वगळायची ती ओळ कोणती? थांबा. तीच तर आपल्या गोष्टीची गोम आहे.

उणे पाऊस!

प्रत्येक फाइलीच्या शेवटी प्रोग्रॅमने वर्षाची एकूण बेरीज दिली होती. काही वर्षांची ठीक होती. पण एका वर्षापुढे चक्क आकडा होता −३०२५.२! आणखी तीन-चार वर्षंही अशीच उणे.

माझं तोंड उतरलं. फाइल खराब झाली असणार. एक आकडा खोटा, तर बाकीचे खरे कशावरून? शाळेला काय देणार?

भाची मात्र गप्प बसून पाहत होती. मग म्हणाली, "मामा, फक्त जास्त पावसाची वर्षं उणे आहेत. महिन्यांचे आकडे सगळे ठीक वाटतात." तिने त्या वर्षाच्या बारा महिन्यांची बेरीज केली. ती आली ३५२८.४. मग तिने उरलेली एकमेव वही मागितली. नशीब बघा, वही त्याच वर्षाची निघाली! शेवटच्या पानावर अण्णांच्या वळणदार अक्षरात आकडा होता ३५२८.४. आणि खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'यंत्राची बेरीज चुकते. हाताने केली.'

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं! त्यांनी दादाला कधीच सांगितलं नाही. पोराने हौसेने करून दिलंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं, असं त्यांना वाटलं असेल.

आता चूक नेमकी काय, ते समजून घ्या. अपूर्णांक टाळायला दादाने पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागात साठवला होता. ३५२८.४ म्हणजे ३५२८४. पण त्या काळच्या १६ बिटी पूर्णांकात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच आकडे मावायचे, एकूण ६५,५३६. त्याहून मोठा आकडा आला की तो गाडीच्या मीटरसारखा उलटून दुसऱ्या टोकाला, उणे बाजूला जाऊन पडायचा. करा वजाबाकी: ३५,२८४ वजा ६५,५३६ बरोबर −३०,२५२. दहाने भागा. −३०२५.२! जुळलं की नाही?

दादाने प्रोग्रॅम तपासला तो पुण्यात. त्याने थोडे खोटे आकडे घालून पाहिले असणार. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणं नेहमीचंच. कोकणचा पाऊस दादाच्या डब्यात मावला नाही!

दादाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "अण्णांची ती वही मला दाखवशील? नुसतं शेवटचं पान." त्याचा आवाज जरा वेगळाच येत होता.

आपण एकटे नाही

जुने प्रोग्रॅम असे जिवंत ठेवणारे जगात पुष्कळ आहेत. 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रसिद्ध प्रोग्रॅम १९८३ साली आला. तो काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक मिच केपर ध्यानधारणा शिकवायचे, आणि कंपनीला 'लोटस' हे नाव त्यांनी पद्मासनावरून दिलं होतं! या प्रोग्रॅमची एक युनिक्स आवृत्तीही निघाली होती. टॅव्हिस ऑर्मंडी या संगणकतज्ज्ञाने २०२२ साली ती शोधून काढली आणि थेट आजच्या लिनक्सवर चालवून दाखवली. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ साली त्यांचा लाडका 'वर्डस्टार' सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात एकत्र करून दिला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डॉसच्या चौथ्या आवृत्तीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला.

तुम्हीही करून पाहा

लिनक्स किंवा मॅक असेल तर 'टर्मिनल' उघडा. विंडोजवरही लिनक्सचा शेल बसवता येतो, पण तो घरातल्या मोठ्यांना विचारूनच बसवा. मग लहान रोमन अक्षरांत 'सी-ए-एल', जागा सोडून ९, पुन्हा जागा सोडून १७५२ असं टाइप करा (आकडेही इंग्रजीच). सप्टेंबर १७५२ चं कॅलेंडर येईल. नीट पाहा, २ तारखेनंतर एकदम १४! मधले अकरा दिवस गेले कुठे? ब्रिटनने त्या महिन्यात जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं, तेव्हा ते वगळले. 'सी-ए-एल' हा प्रोग्रॅम १९७१ सालच्या युनिक्समध्येही होता. अजून टुणटुणीत आहे!

दुसरा प्रयोग. 'बी-सी' ही आज्ञा द्या आणि २^१०० विचारा. ३१ अंकी उत्तर येईल, एकही अंक न गाळता. दादाच्या डब्यात न मावणारे आकडे 'बी-सी'च्या पोटात सहज मावतात.

आणि एक काम. घरी जुनी फ्लॉपी, सीडी, बंद पडलेला कॉम्प्युटर असेल, तर तो भंगारात द्यायच्या आधी विचारा, "यात कुणाचं काय आहे?"

अण्णांच्या नोंदी आता शाळेत आहेत, साध्या अक्षरांच्या फाइलीत, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशा. अकरा वर्षांच्या आकड्यांवरून हवामान बदललं की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी निदान तीस वर्षांच्या नोंदी धरतात. म्हणून शाळेतल्या मुलांनी अंगणात नवा पर्जन्यमापक बसवलाय. रोज सकाळी साडेआठला एक जण वही घेऊन उभा असतो.

हो, वहीच! कॉम्प्युटरवर तर लिहितातच, पण वहीतही. यंत्राची बेरीज चुकली तर?

डोकं चालवा: आणखी एका वर्षाची बेरीज प्रोग्रॅमने −२९७८.४ अशी दाखवली होती. त्या वर्षी खरा पाऊस किती पडला?

(उत्तर: ३५७५.२ मिलिमीटर. −२९,७८४ मध्ये ६५,५३६ मिळवा आणि दहाने भागा.)